मदत हवी आहे: पुण्याच्या एलएलबीवर अमेरिकेत नर्सिंग होम कम्प्लायन्सचं काम

पैलतीर:
पुणे विद्यापीठाचं तीन वर्षांचं एलएलबी, सनद, जिल्हा ग्राहक आयोगात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांचा सहा वर्षांचा अनुभव. सध्या मुक्काम न्यू जर्सी, वर्क परमिट हातात आहे. सात नर्सिंग होम चालवणाऱ्या कंपनीत कम्प्लायन्स (नियमपालन) ॲनालिस्टच्या जागेसाठी दोन आठवड्यांनी मुलाखत आहे. सर्व्हेचा (सरकारी तपासणीचा) नमुना अहवाल देऊन त्यावर प्लॅन ऑफ करेक्शन, म्हणजे त्रुटी कशा दूर करणार याचा आराखडा, लिहायला लावणार आहेत. इथली बार परीक्षा (वकिलीच्या लायसन्सची) दिलेली नसताना हे काम करता येतं का? वाचायचं काय? आणि तो प्लॅन आपल्याकडच्या लेखी कैफियतीसारखा मुद्देसूद नकार देत लिहायचा का?

ओसरी:
करता येतं. कम्प्लायन्सच्या जागेला बारचं लायसन्स लागत नाही. मात्र रेझ्युमेवर 'ॲटर्नी' असं मोघम लिहू नका. 'भारतात सनदप्राप्त, अमेरिकेत लायसन्स नाही' हे स्पष्ट असू द्या. कामावर लागल्यावरही कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. तुम्ही स्वतःहून केलेल्या चौकशीला वकील-अशील गोपनीयतेचं कवच मिळत नाही, म्हणून नाजूक चौकशी कंपनीच्या वकिलाच्या लेखी सूचनेनेच सुरू करायची.

एक नियम पाठ करून जा. 42 सीएफआर (संघराज्य नियमसंहिता) 483.85 नुसार पाच किंवा जास्त नर्सिंग होम असलेल्या संस्थेचा कम्प्लायन्स ऑफिसर थेट गव्हर्निंग बॉडीला उत्तरदायी असतो. जनरल कौन्सेल (कंपनीचा मुख्य वकील), सीएफओ किंवा सीओओच्या हाताखाली तो चालत नाही. शिवाय प्रत्येक होममध्ये एक कम्प्लायन्स लिएझन (समन्वयक) लागतो. तुमच्या कंपनीची सात होम आहेत, म्हणजे हे लागू आहे. वकिलाचं काम कंपनीचा बचाव करणं, कम्प्लायन्सचं काम चूक वेळेत बाहेर काढणं. दोन्ही एका हाती गेली की चूक दडपली जाते, आणि तिथे झळ बसते ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाला.

टॅगवाचक:
कैफियतीची सवय आधी सोडा. आरोप नाकारणारा प्लॅन सरळ परत येतो. अहवालाचा फॉर्म 2567 हातात पडल्यापासून 10 कॅलेंडर दिवसांत प्लॅन द्यायचा असतो आणि त्यात पाच गोष्टी लागतात: ज्या रहिवाशाला झळ बसली त्याच्यासाठी काय केलं, तोच धोका आणखी कुणाला आहे हे कसं शोधलं, पद्धतीत काय बदललं, बदल टिकतोय हे कसं तपासणार, आणि पूर्ण होण्याची तारीख.

अहवालातल्या प्रत्येक त्रुटीला 'एफ' क्रमांकाचा टॅग असतो. उदाहरण घ्या एफ-609 चं. मारहाणीचा आरोप झाल्यावर राज्याला दोन तासांत कळवायचं असतं. छळ आणि गंभीर इजा यांपैकी काहीच नसेल तर 24 तास. समजा रात्रपाळीच्या नर्सने सकाळी सांगितलं. 'सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं' एवढंच लिहिलंत तर नापास. रात्री कुणाला फोन करायचा हे तिला माहीत होतं का? नंबर स्टेशनवर लावला होता का? कारण तिथे असतं. लिहा: त्या रहिवाशाची तपासणी व काळजी-योजनेत बदल, मागच्या 30 दिवसांच्या सर्व तक्रारी आणि घटना-नोंदी पुन्हा वाचल्या, तिन्ही पाळ्यांसाठी ऑन-कॉल व्यवस्था, दर आठवड्याला पाच नोंदींची तपासणी चार आठवडे, मग तीन महिने महिन्यातून एकदा, निष्कर्ष क्वापी (गुणवत्ता-सुधारणा) समितीपुढे. यातले आकडे नियमात दिलेले नाहीत, ते आपणच ठरवायचे. पण पेलतील तेवढेच लिहा. रिव्हिजिटला (फेरतपासणीला) सर्व्हेअर नेमके तेच कागद मागतात.

प्लॅनच्या सुरुवातीला 'ही कबुली नव्हे' अशी ओळ घालतात, ती घालाच. 2567 प्लॅनसकट सार्वजनिक होतो आणि पुढे दिवाणी दाव्यात समोर येतो. म्हणून रहिवाशांची नावं, कर्मचाऱ्यांवर ठपका, विशेषणं, यातलं काहीही नको.

पैलतीर:
हे फार उपयोगी आहे. पण सर्व्हेअरचा निष्कर्षच चुकीचा असेल तर?

टॅगवाचक:
त्याला वेगळा रस्ता आहे, आयडीआर, म्हणजे निष्कर्षावरच्या वादाची अनौपचारिक सोडवणूक. त्याच 10 दिवसांत मागायचा आणि प्लॅनही द्यायचाच. आयडीआरमुळे कारवाई थांबत नाही. तिथे तीव्रतेचं अक्षर सहसा लढवता येत नाही. ए ते एल अशी अक्षरं असतात. जे, के, एल म्हणजे जिवाला तत्काळ धोका. त्या तीन अक्षरांवर आणि निकृष्ट दर्जाच्या काळजीच्या ठपक्यावर मात्र वाद घालता येतो. दंड लागला तर नोटिशीपासून 60 दिवसांत अपील. त्या मुदतीत सुनावणी मागितली नाही तर हक्क सोडला असं धरलं जातं आणि दंड 35 टक्के कमी होतो. हा हिशेब वकिलाने करायचा, पण तारखा तुम्ही सांभाळायच्या. सर्व्हेपासून तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही तर नव्याने दाखल होणाऱ्या रहिवाशांचे पैसे बंद, सहा महिन्यांत मेडिकेअर-मेडिकेडचा (सरकारी आरोग्यविम्याचा) करार संपतो.

अंगणवेल:
वाचनाबद्दल. 42 सीएफआर 483 चा सबपार्ट बी एकदा सलग वाचा. मग सीएमएसच्या (मेडिकेअर-मेडिकेड चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) स्टेट ऑपरेशन्स मॅन्युअलचं अपेंडिक्स पीपी. त्याची 28 एप्रिल 2025 पासून लागू झालेली आवृत्तीच घ्या. ते शेकडो पानांचं आहे, तेव्हा एफ-600 ते 610, घरी किंवा दुसरीकडे पाठवण्याच्या 30 दिवसांच्या नोटिशीचा एफ-628, लवादाच्या कराराचा एफ-847 आणि कम्प्लायन्सचा एफ-895 आधी. लवादाची सही ही प्रवेशाची अट असू शकत नाही आणि 30 दिवसांत ती मागे घेता येते. ग्राहक कायद्यातून आलेल्या माणसाला हे चटकन कळेल. शेवटी ओआयजीचं (आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाचं) नोव्हेंबर 2024 चं नर्सिंग फॅसिलिटी मार्गदर्शन.

जुन्या नोट्समध्ये दर रहिवाशामागे रोज 3.48 तास मनुष्यबळाचा 2024 चा नियम दिसेल. टेक्सासच्या संघराज्य न्यायालयाने तो एप्रिल 2025 मध्ये रद्द केला, आणि जुलैच्या कायद्याने त्याची अंमलबजावणी 2034 पर्यंत रोखली. मुलाखतीत तो लागू आहे असं म्हणू नका.

बिलिंगचं विचारतीलच. ओआयजीने सरकारी आरोग्य योजनांतून वगळलेल्यांची यादी दर महिन्याला बदलते. कर्मचारी आणि पुरवठादार दोघांची नावं दरमहा ताडायची आणि तपासल्याचा तारखेसह पुरावा ठेवायचा. लग्नाआधीचं आडनावही तपासा, नाव निसटतं ते तिथेच.

ओसरी:
पुढे बार द्यायचा विचार असेल तर न्यूयॉर्क बघा. तिथल्या नियम 520.6 खाली कॉमन लॉ देशातली तीन वर्षांची पूर्णवेळ पदवी ग्राह्य धरली जाऊ शकते. मूल्यमापनाला महिनोन् महिने लागतात. गुणपत्रक विद्यापीठाकडून थेट तिथल्या बार परीक्षेच्या बोर्डाकडे जावं लागतं, तुमच्या हातचं चालत नाही. पुण्यात कुणाला तरी विद्यापीठात पाठवून गुणपत्रकाचा अर्ज आत्ताच टाका.