काचेला चिकटलेल्या कृष्णधवल छायाचित्राविषयी
पावसाळ्यात चौकटीच्या काचेला चिकटलेले आजोबांचे कृष्णधवल छायाचित्र ड्रायरने सोडवावे का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका. अशा छायाचित्रांत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात धरलेले असतात, आणि दमट हवेत हा थर फुगून मऊ होत असल्यामुळे काचेला टेकला की तिथेच घट्ट बसतो. ओढल्यास प्रतिमाच काचेवर राहते. तेव्हा काचेसकट स्कॅन करून पुढचे काम संवर्धकावर (जुनी छायाचित्रे दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञावर) सोपवावे. इतर छायाचित्रांसाठी काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित माउंटबोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) मधोमध कापलेली खिडकी ठेवावी, म्हणजे छायाचित्र काचेला टेकत नाही. चौकट बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, कारण कोकणात ती भिंत पावसाळाभर ओल धरते. पीव्हीसी या प्लास्टिकचे अल्बम (माझ्याकडचे दोन अजून वास मारतात) टाळलेलेच बरे.