एआयने काढलेले यूएसडीसीचे ठेवदर जुळत नाहीत

प्रश्न: आवे व्ही३ आणि कंपाउंड व्ही३ (ब्लॉकचेनवर क्रिप्टो ठेवायचे-कर्जाऊ द्यायचे प्लॅटफॉर्म) मधले यूएसडीसीचे (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) ठेवदर एआय टूलकडून ताडून घेतोय. आकडे थेट कॉन्ट्रॅक्टमधून (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्राममधून) घेतलेत, तरी तक्ता भलताच येतो. गडबड कुठे असावी?

उत्तर १: आधी एककं बघा, बहुतेक तिथेच घोळ आहे. आवेचा करंटलिक्विडिटीरेट (ठेवदराचा आकडा) वार्षिक असतो, पण १० च्या २७ व्या घाताने गुणलेला. कंपाउंडचा गेटसप्लायरेट (तिथला ठेवदर) दर सेकंदाचा, १० च्या १८ व्या घाताने गुणलेला. आवेचा आकडा नुसता १० च्या २७ व्या घाताने भागा; कंपाउंडचा १० च्या १८ व्या घाताने भागून ३,१५,३६,००० ने (वर्षातले सेकंद) गुणा, मग दोन्हींचा एपीआर (चक्रवाढ न धरलेला वार्षिक दर) मिळेल. एपीवाय (चक्रवाढ धरलेला वार्षिक दर) हवा असेल तर दोन्हीकडे एकाच पद्धतीने काढा. ५ टक्के एपीआरचा रोजच्या चक्रवाढीने सुमारे ५.१३ टक्के एपीवाय होतो.

उत्तर २: एआयकडून हिशेब नव्हे, कोड लिहून घ्या आणि तो स्वतः चालवा. दोन्ही वाचनं एकाच ब्लॉकवरची (ब्लॉकचेनच्या एकाच क्षणाची) हवीत. बक्षीस टोकनचा (व्याजावर वर मिळणाऱ्या जादा टोकनचा) परतावा वेगळ्या रकान्यात टाका, मूळ दरात मिसळू नका.

उत्तर ३: तुमची स्वतःची रक्कमही धरा, हे सगळे विसरतात. ठेवी १ कोटी आणि कर्ज ९० लाख असेल तर वापर (ठेवींतला कर्जाऊ गेलेला हिस्सा) ९० टक्के. तुम्ही १० लाख घातले की तो ८१.८ वर येतो आणि दरही उतरतो. मोठ्या रकमेला तर आत शिरल्यावरचा दरच खरा. आणि वापर १०० च्या जवळ असताना दर चढा दिसतो खरा, पण पूलमध्ये (सगळ्यांच्या एकत्र ठेवींत) रोकड फारशी उरलेली नसते. उरलेल्या रोकडीपेक्षा जास्त पैसे काढायला गेलात की व्यवहार फेल होतो.