गृहीतक, परिकल्पना की अभ्युपगम? शिवाय ‘का’ची जागा

कोल्हापुरात मी नर्सिंगच्या मुलामुलींना संशोधन शिकवते. शिकवणं इंग्रजीतून चालतं, पण प्रबंधाच्या वेळी रुग्णासाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करावं लागतं. तिथे दरवर्षी ‘हायपोथेसिस’पाशी, म्हणजे अभ्यासात तपासून बघायच्या विधानापाशी, सगळे अडतात. कुणी ‘गृहीतक’ लिहितं, कुणी ‘परिकल्पना’. तर्कशास्त्राच्या मराठी लिखाणात ‘अभ्युपगम’ भेटतो, पण तो उच्चारतानाच मुली थांबतात.

हा प्रश्न मला एका आजींमुळे पडला. सलाईन लावलेला त्यांचा हात सुजला होता आणि मी शेजारी बसून आमचं पत्रक वाचून दाखवत होते: ‘या अभ्यासाचे गृहीतक असे की, मॅगसल्फ-ग्लिसरीनच्या (मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीन) पट्टीने सूज लवकर उतरते.’ आजींनी हात मागे घेतला. ‘गृहीत धरलंय म्हंतायसा, मग माझ्या हातावर आणि काय बघतायसा?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं बरोबर होतं. पत्रक मी लिहिलेलं, चूक माझी.

तर मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, संस्कृत-मराठी)

मॅडम, आजींनी शब्दाचा अर्थ अचूक पकडला. गृहीत म्हणजे घेतलेलं, स्वीकारलेलं. भूमितीत युक्लिडची पाच गृहीतकं आपण शिकतो, त्यांची सिद्धता कुणी मागत नाही. जे तपासायचं आहे त्याला तोच शब्द लावला की घोळ होणारच.

‘अभ्युपगम’ अवघड वाटतो खरा, पण तो तुमच्याच क्षेत्रातला आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितलेत: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. हेच चार आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागातही येतात. सिद्ध न झालेली, न तपासलेली गोष्ट वैद्य वादापुरती मान्य करतात, तो अभ्युपगम. ‘वादापुरती’ हे महत्त्वाचं. गृहीतकात हे ‘पुरतं’ नाही.

‘परिकल्पना’ला माझा विरोध नाही. सामाजिक शास्त्रांत ती रुळली आहे. फक्त मराठी कानाला त्यात आधी ‘कल्पना’च ऐकू येते.

प्रतिसाद (वॉर्डातली सिस्टर)

मला शब्दांचं फार कळत नाही, पण वॉर्डातलं सांगते. आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा हाताच्या सुईवरच्या चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहायची आणि बहात्तर तास झाले की सुई काढून दुसरीकडे लावायची. जागा चांगली असली, रुग्ण नको म्हणाला, तरी. हँडओव्हरला पहिला प्रश्न तोच असायचा. हे खरंच गरजेचं आहे का, असं मी कधी विचारलं नाही. हे गृहीतकच झालं ना?

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सिस्टर, अगदी गृहीतकच! आणि कुणीतरी ते तपासायला घेतलं, ही त्यातली मोठी गोष्ट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या तीन रुग्णालयांत ३२८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटात दर तिसऱ्या दिवशी सुई बदलली, दुसऱ्यात जागा दुखली, सुजली किंवा लाईन बंद पडली तरच. फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, दोन्हीकडे सारखाच, ७ टक्के. दर पाळीला जागा नीट बघणं मात्र यातून सुटत नाही, हे मी वर्गात दोनदा सांगते.

आता माझा दुसरा मुद्दा, जो मला शब्दापेक्षाही मोलाचा वाटतो. मराठीत ‘का’ची जागा बदलली की संशोधनाचा प्रश्नच बदलतो.

‘पट्टीने सूज का उतरते?’
‘पट्टीने सूज उतरते का?’

पहिल्यात सूज उतरते हे आधीच मान्य केलं, आता फक्त कारण हवंय. दुसऱ्यात अजून काहीच ठरलेलं नाही. मुलं पहिला प्रश्न लिहितात आणि अभ्यास दुसऱ्याचा करतात. मी आता त्यांना प्रश्न तीनदा मोठ्याने वाचायला लावते. कान लगेच सांगतो.

दुसरा प्रश्नही अजून अर्धाच आहे. संशोधनाचा प्रश्न नीट मांडायची ‘पिको’ ही चार भागांची चौकट १९९५पासून वापरात आहे. तिचं मराठी मी असं करते: कुणाला, काय केलं, कशाच्या तुलनेत, आणि काय घडलं. मग प्रश्न होतो, ‘सलाईनची जागा सुजलेल्या प्रौढ रुग्णांत मॅगसल्फ-ग्लिसरीनच्या पट्टीने थंड पाण्याच्या पट्टीपेक्षा सूज लवकर उतरते का?’ शेवटचा ‘का’ काढला की तेच विधान झालं, तोच अभ्युपगम. ‘पट्टीपेक्षा लवकर’च्या जागी ‘पट्टीइतक्याच वेळात’ घातलं की संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५मध्ये नाव दिलेली शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ असं विधान. इतकं सरळ मला इंग्रजीतून कधी शिकवता आलं नव्हतं.

सर, तुमचं ऐकून प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘अभ्युपगम’ वापरायचं ठरवलं आहे, पहिल्या वेळी कंसात ‘तपासायचे विधान’ असं लिहून. माहितीपत्रकात मात्र यातला एकही शब्द ठेवणार नाही. तिथे आता असं आहे: ‘या पट्टीने सूज लवकर उतरेल असे आम्हाला वाटते, पण खात्री नाही. तेच आम्हाला तपासायचे आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही.’

एक शब्द अजून अडलाय. ‘काय घडलं’ या चौथ्या भागाला मुलं ‘परिणाम’ लिहितात. रुग्णांना तो दुष्परिणामासारखा ऐकू येतो, दोघींनी तर सही करायच्या आधी ‘कसला परिणाम?’ असं घाबरून विचारलं. आपल्याकडे रुग्ण स्वतः काय म्हणतात? ‘सिस्टर, आता फरक हाय.’ मग ‘फरक’च लिहावा का? की संमतीपत्रासाठी तो फार बोलीतला वाटेल?