अनुभव धागा: वर्ष संपताना धंद्याची वही उघडली तेव्हा

"वर्ष कसं गेलं?" असं कुणी विचारलं की गेली नऊ वर्षं माझं उत्तर ठरलेलं: "बरं गेलं." माझा छोटा छापखाना आहे. दोन मशीनं, चार माणसं. मशीन चालू असलं की धंदा चालू आहे असं वाटतं, आणि वर्षाच्या शेवटी ते इतकं चालू असतं की हिशेब घेऊन बसणं म्हणजे कामचुकारपणाच वाटावा.

यंदा मोठं मशीन बंद पडलं. सुटा भाग यायला चार दिवस लागणार होते. हात रिकामे म्हणून वर्षभराची बिलं गिऱ्हाइकागणिक लावायला घेतली. एरवी ती तारखेप्रमाणे लावलेली असतात, आणि तारखेप्रमाणे लावलेली बिलं कुणाबद्दल काहीच सांगत नाहीत.

माझं एक सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. त्यांचा फोन आला की मी हातातलं टाकून उठते. एकूण कामाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांचा. पण प्रत्येक कामात तीन-चारदा प्रूफ बदलणार, वर्षात दोनदा अख्खी फेरछपाई (कागद माझा), आणि पैसे सरासरी ११० दिवसांनी. कागदवाल्याला मी ४५ दिवसांत चुकते करते. म्हणजे मधले ६५ दिवस त्यांच्या धंद्याला भांडवल मी पुरवतेय, तेही बिनव्याजी! उलट पावतीपुस्तकं, पत्रिका, बिलबुकं ही कामं मी 'किरकोळ' म्हणून शेवटी ढकलायची. माणसांचे पगार त्यांतून निघाले होते.

गंमत म्हणजे हे बघून वाईट वाटलं नाही, हुशारी आली. वर्षभर मला वाटत होतं की आता या कामाचाच कंटाळा आलाय. कंटाळा एका गिऱ्हाइकाचा होता.

म्हणून हा धागा. वर्ष संपताना तुम्ही मागे वळून बघता का, कसं बघता, आणि काय दिसलं, ते लिहा. संकल्प नकोत, ते सगळ्यांकडे असतात. घडलेलं लिहा.

शिवणकामवाली

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. माझं बिलांपेक्षा तासांवरून उघडं पडलं. मागच्या वर्षी शेवटचे दोन महिने मी एका वहीत फक्त एवढंच लिहिलं: कुठल्या कामाला किती वेळ. नवीन शिलाई, आल्टर, मापं घेणं, आणि 'नुसत्या गप्पा'. (हा रकाना लेकीनं सुचवला. आगाऊ आहे.)

एक तृतीयांश वेळ आल्टरला जात होता, आणि त्यातलं निम्मं मी 'आपलीच माणसं' म्हणून फुकट करत होते. मिळकतीला तासांनी भागलं तेव्हा कळलं की माझ्या हाताखालच्या मुलीला तासाला माझ्यापेक्षा जास्त मिळतंय. ती हुशार आहे, तिला मिळायलाच हवं. पण मालकीण मी ना?

दुसरं सवलतीचं. कुणी घासाघीस केली की मी दहा टक्के सोडायची, वाटायचं दहाच तर आहेत. माझं शंभरातलं तीस उरतं. नव्वदला दिलं की वीस उरतं. म्हणजे तेवढेच पैसे हातात यायला मला दीडपट शिवावं लागतं. हे कागदावर मांडेपर्यंत वीस वर्षं गेली. उलट दर दहा टक्क्यांनी वाढवला तर शंभरातली पंचवीस गिऱ्हाइकं गेली तरी नफा तेवढाच राहतो. मी वाढवला. गेली फक्त सहा, आणि त्यांतल्या दोघी परत आल्या.

सुट्या भागांचा दुकानदार

आमच्याकडे वर्षअखेर म्हणजे मालमोजणी. दोन दिवस दुकान बंद, मी आणि मुलगा फळी-फळी मोजतो. पूर्वी मी हे फक्त हिशेबनिसासाठी करायचो. आकडा दिला की विसरलो.

तीन वर्षांपूर्वी मुलानं विचारलं, "बाबा, या मांडणीवर एवढी धूळ का?" मी म्हटलं, झाडायची राहिली. तो म्हणाला, बाकीच्या मांडण्या कोण झाडतं? कुणीच नाही. तिथला माल हलतो, म्हणून तिथे धूळ बसत नाही.

मग त्यानं मला एक साधा भागाकार शिकवला. वर्षात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले दुकानात सरासरी पडून असलेला माल. उत्तर आलं ३. म्हणजे सरासरीनं माल चार महिने फळीवर. ऐकायला ठीक. पण बेल्ट आणि बेअरिंग महिन्यात दोनदा फिरत होते, आणि ती धुळीची मांडणी अशा मशीनांच्या भागांनी भरली होती जी आता कुणी वापरत नाही. सरासरीनं दोन्ही झाकून टाकलं होतं.

तो माल तोट्यात काढला. फार जड गेलं. खरेदी केली तेव्हाचा आनंद आठवत होता ना, 'स्वस्तात घातलं' म्हणून! पण रिकाम्या मांडणीवर चालणारा माल लावला तेव्हा मला दुकान नवीन उघडल्यासारखं वाटलं. उत्साह वगैरे शब्द माझ्या वयाला शोभत नाहीत, पण त्या आठवड्यात मी रोज लवकर शटर उघडलं.

भाषांतरकार

थोडा विरोधी सूर. वर्षअखेर ही मागे वळून बघायला सगळ्यात वाईट वेळ आहे असं माझं मत. सगळ्यांना सगळं ३१ तारखेच्या आत हवं असतं. मी हे माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात करते.

याला आधारही आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांना दिसलं की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, आहाराविषयी जास्त शोधतात. जुन्या चुका 'आधीच्या मी'च्या खात्यावर टाकता येतात म्हणून. तेव्हा १ जानेवारीला काही खास शिंगं नाहीत, सोमवारही चालतो. अर्थात याच कारणानं तो जोर टिकतही नाही. मी त्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट उरकते: दरपत्रक बदलते आणि लगेच सगळ्यांना पाठवते. जोर ओसरला तरी पाठवलेलं पत्र परत येत नाही.

दोघांपैकी एक भागीदार

आम्ही दोघे मित्र विद्युत उपकरणांची दुरुस्ती करतो. आमची वर्षअखेरची बैठक म्हणजे इतके दिवस एकमेकांच्या पाठीवर थाप मारणं होतं. गेल्या वेळी मी एक पद्धत वाचून गेलो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. काम सुरू होण्याआधीच असं धरायचं की ते फसलंय, आणि का फसलं याची कारणं प्रत्येकानं वेगवेगळी लिहायची. शवविच्छेदन, पण रोगी जिवंत असताना.

तर आम्ही धरलं की पुढचं वर्ष संपलंय आणि दुकानाला कुलूप आहे. पंधरा मिनिटं, दोन कागद, बोलायचं नाही.

पहिलं कारण दोघांचंही एकच निघालं: आमचा मुख्य कारागीर सोडून गेला. अवघड बोर्ड फक्त तोच दुरुस्त करतो, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी पुढे सुट्या भागांची टंचाई, जागेचा करार असं लिहिलं होतं. त्याच्या कागदावर दुसरं कारण होतं: "आमचं दोघांचं बोलणं बंद झालं."

मी बराच वेळ काही बोललो नाही. तो म्हणाला, तू दोन वर्षं उचल किती घेतलीस ते मी विचारलेलं नाही, कारण विचारलं तर तुला राग येईल. आणि खरंच आला असता.

लुका पाचोली नावाच्या इटालियन गणितीनं १४९४ मध्ये दुहेरी नोंदीच्या जमाखर्चावर छापील पुस्तकात लिहिलं. तो फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता. खाती दरवर्षी बंद करावीत, विशेषतः भागीदारीत, असा त्याचा सल्ला आहे. पूर्वी मला वाटायचं, साधूला काय कळतंय धंद्यातलं. आता दर तिमाहीला उचल एका कागदावर लिहून दोघे सही करतो. आणि कारागिराच्या हाताखाली एक मुलगा शिकतोय.

आता नोकरी करणारी

माझा अनुभव या धाग्यात बसेल का माहीत नाही. मी चौथ्या वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला आणि धंदा बंद केला.

हस्तकलेच्या वस्तूंचा होता. वहीत दर वर्षी नफा दिसायचा. एका जाणत्या माणसानं विचारलं, "यात तुमचा पगार कुठे आहे? आणि जागेचं भाडं?" जागा घरचीच होती, आणि पगार मी घेतच नव्हते. दोन्ही धरलं, अगदी कमी धरलं, आणि चारही वर्षं तोट्यात गेली. खरं म्हणजे ती आधीपासूनच तोट्यात होती, मी तो भरत होते.

दोन दिवस रडले. मग छान झोप लागली. वस्तू अजून बनवते, विकत नाही.

छापखानावाली (धागाकर्ती)

ताई, बसतो म्हणजे काय, तुमचा अनुभव सगळ्यात जास्त बसतो. मी लगेच जाऊन माझा पगार धरलाय की नाही ते पाहिलं. धरलाय, पण पाच वर्षांपूर्वीचा!

शिकवणीवाला

सगळे आकड्यांवर बोलताहेत म्हणून दुसरं सांगतो. मी संगणकाच्या शिकवण्या घेतो. मुलं कमी होत होती आणि मी नवीन अभ्यासक्रम, नवीन पाटी, नवीन जाहिरात यांच्या मागे होतो. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, मध्येच सोडून गेलेल्या दहा जणांना फोन केले. विकायला नाही, फक्त विचारायला. सात जणांनी उचलला. एकानंही फी काढली नाही. चौघं म्हणाले, सर, शंका विचारायला फोन केला की तुम्ही उचलत नव्हतात.

पाटीचं काम थांबवलं. संध्याकाळी ठरलेला एक तास फोन हातात घेऊन बसतो. कधीकधी एकही येत नाही. तरी बसतो.

शिवणकामवाली

सर, हे फोन करायला धीर लागतो हो. मी त्या गेलेल्या चार जणींना विचारेन म्हणतेय. म्हणतेय फक्त, अजून.

आणि छापखानावाल्या ताई, त्या मोठ्या गिऱ्हाइकाचं काय केलंत?

छापखानावाली (धागाकर्ती)

पत्र पाठवलं. दोन प्रूफं दरात धरलेली, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम कामाआधी, उरलेली ३० दिवसांत. मागची थकबाकी मिटल्याशिवाय नवीन काम मशीनवर चढणार नाही. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा 'कृपया' कमी केलं.

तीन दिवस झाले, उत्तर नाही. मशीन दुरुस्त झालंय. आज पावतीपुस्तकं छापतोय.

सुट्या भागांचा दुकानदार

उत्तर आलं की इथे टाका. माझ्या दोन मांडण्या मोजायच्या राहिल्यात, मुलगा हाका मारतोय.