इंग्रजीतले 'अप', 'ऑफ', 'आऊट' लिहिताना आलेले अनुभव

संत्राबाग, वरुड
आमच्याकडची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. भाच्याने अर्ज इंग्रजीत लिहून आणला, 'प्लीज लुक आफ्टर द मॅटर'. चौकशी करा म्हणायचं होतं, म्हणून 'लुक इनटू' करून दिलं. आणि झेडपी शाळेतले आमचे सर आठवले. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. सर फळ्यावर आधी मराठी लिहायचे: 'उठून बसला', 'भांडण करून बसला'. दुसऱ्यात बसणं कुठे आहे, विचारायचे. इंग्रजीतही क्रियापदाला छोटा शब्द जोडला की असाच अर्थ बदलतो म्हणत मग 'पुट' घ्यायचे. पुट ऑन घालणं, पुट ऑफ पुढे ढकलणं, पुट आऊट विझवणं. कायमचं डोक्यात बसलं. तुमचेही अनुभव येऊ द्या.

पऱ्हाटी
हाव ना! आम्ही गाईडातून नुसते अर्थ पाठ केले. 'पुट इट ऑफ' होते, 'पुट ऑफ इट' होत नाही, हे कोणी सांगतलंच नाही. पोरीले मी तेच पहिले शिकवलं.

दर्यापूरकर
डीपी भेटली का? आमच्याकडे रात्रीचीच लाइन आहे, हरभऱ्याचं ओलीत अंधारातच.

संत्राबाग, वरुड
नाही न भाऊ. उद्या परत चक्कर मारतो.

अंजनगावची
'पास आऊट'!! भावाने परदेशी कंपनीच्या मुलाखतीत 'पास्ड आऊट इन 2016' म्हटलं, समोरच्याले वाटलं चक्कर येऊन पडला. आपल्याकडे सगळेच म्हणतात, मी त्याले चूक नाही म्हणत. पण बायोडाटा बाहेर पाठवाचा असला तर 'ग्रॅज्युएटेड' लिहा. कुकर झाला, येते.

पऱ्हाटी
दर्यापूरकर भाऊ, बॅटरी अन् गमबूट घेतल्याशिवाय जाऊ नका बरं.

धारणीची मॅडम
2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. पण माझ्या वर्गातल्या बहुतेक लेकरांची घरची भाषा कोरकू, त्यांना 'करून बसला'चाही उपयोग नाही. म्हणून करायलाच लावते. 'पिक अप द चॉक', 'पुट इट डाऊन', 'टर्न अराऊंड'. खडू हातात असला की 'अप' आपोआप कळतं. मग तेच वाक्य पाटीवर. लाजरी पोरंसुद्धा लिहितात, फार बरं वाटतं.

दर्यापूरकर
गमबूट आहेत ताई. मॅडम, 'गिव्ह अप' अन् 'गिव्ह इन'मंदी फरक काय? पोराचा उद्या पेपर आहे.

धारणीची मॅडम
गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, गिव्ह इन म्हणजे समोरच्यापुढे नमतं घेणं. एकेक वाक्य त्याच्याकडून आताच लिहून घ्या.