टेलिफोन कंपनीच्या एकाच प्रयोगशाळेत इतके शोध कसे लागले?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार. मी येथील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान दिनाला नववीच्या मुलांसमोर अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेविषयी तासभर बोलायचे आहे. १९२५ साली स्थापन झालेल्या या संस्थेतून ट्रान्झिस्टर, सिलिकॉनचा सौरघट, कॅमेऱ्यातील सीसीडी (प्रकाशाचे विद्युत संकेत करणारी चिप), युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा हे सारे बाहेर पडले, एवढे मला माहीत आहे. पण नुसती यादी वाचून दाखवली तर मुले ती ऐकून विसरतील. टेलिफोनची सेवा देणाऱ्या कंपनीला सूर्यप्रकाशाशी आणि आकाशगंगेशी काय कर्तव्य होते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ, होटगी रोड

ताई, माझी सारी नोकरी लाइनवरची खरखर शोधण्यात गेली, म्हणून त्या बाजूने सांगतो. या प्रयोगशाळेतले बरेच शोध हे टेलिफोनच्या दुखण्यावरचे औषध शोधताना लागलेले आहेत.

पहिले दुखणे अंतराचे. आवाज तारेतून जाताना क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळीचे) अॅम्प्लिफायर, म्हणजे संकेत वाढवणारी साधने, बसवावे लागत. परंतु प्रत्येक अॅम्प्लिफायर आवाज वाढवताना तो थोडा बिघडवीत असे आणि हा बिघाड साठत साठत शेवटी बोलणे कळेनासे होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हे अभियंते हडसन नदी ओलांडून कामावर चालले असताना बोटीतच त्यांना उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर मांडला : बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. वाढ कमी होते, पण जे बाहेर येते ते मूळ आवाजाशी प्रामाणिक राहते. आज जवळजवळ कोणताही ध्वनिवर्धक उघडा, हे तत्त्व त्यात सापडेल.

दुसरे दुखणे व्हॉल्व्हचेच. तो तापतो, वीज खातो आणि एक दिवस जळतो. त्याला पर्याय हवा होता, म्हणून घन पदार्थांवर काम सुरू झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन व ब्रॅटन यांनी प्रयोगशाळेच्या न्यू जर्सीतील मरे हिल येथील केंद्रात पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. मुलांना त्याची घडण जरूर सांगा. प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी तो ब्लेडने चिरून दोन भाग केले आणि ते टोक स्प्रिंगने जर्मेनियम या अर्धवाहकाच्या तुकड्यावर दाबून धरले. दोन सोनेरी टोकांमध्ये अंतर होते मिलिमीटरच्या जवळजवळ विसाव्या भागाइतके.

सौरघटाचेही तेच. दमट, उष्ण प्रदेशातल्या दुर्गम टेलिफोनांचे कोरडे सेल लवकर निकामी होत, म्हणून डॅरिल चॅपिन यांच्याकडे विजेचा दुसरा स्रोत शोधण्याचे काम आले. फुलर आणि पिअर्सन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९५४ साली सिलिकॉनचा घट सादर केला, त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आपल्या सोलापूरच्या उन्हात पत्र्यावर बसवलेले पॅनल पाहिले की मला त्या वाया गेलेल्या सेलांची आठवण होते.

उत्तर २ : भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, सोलापूर

काकांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते सगळ्या शोधांना लागू होणार नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला, तो एखादी विशिष्ट लाइन दुरुस्त करण्यासाठी नव्हता; माहिती मोजायची कशी, हा मूळचाच प्रश्न त्यांनी सोडवला. युनिक्सचे काम १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी सुरू केले, तेव्हा कंपनीने एका मोठ्या संगणक-प्रकल्पातून नुकतेच अंग काढून घेतले होते. अशा माणसांना मोकळीक देण्याइतका पैसा होता, कारण अमेरिकेतील बहुतेक टेलिफोन-सेवा त्या एकाच कंपनीच्या हाती होती. थोडक्यात, ग्राहकांच्या बिलांतून हे संशोधन पोसले जात होते.

आणि हे ज्ञान कंपनीच्या कुंपणाबाहेर गेले, त्यामागे कायदा होता. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे कंपनीला आपली तोवरची जवळपास सर्व पेटंटे इतरांना खुली करावी लागली आणि टेलिफोनबाहेरचा व्यवसाय करण्यास मनाई झाली. त्यामुळे पुढे युनिक्स विकण्याऐवजी विद्यापीठांना नाममात्र शुल्कात द्यावे लागले. तासाची पाच मिनिटे यासाठी ठेवावीत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

उत्तर ३ : गणवेश-उत्पादक, अक्कलकोट रोड

मॅडम, मुलांना आपल्या मातीतले दोघे जण जरूर सांगा. कार्बन डायऑक्साइड लेसर याच प्रयोगशाळेत १९६४ साली कुमार पटेल यांनी तयार केला; त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. मराठी घरातले नरेंद्र करमरकर यांनीही तेथेच १९८४ साली रेखीय नियोजनाची (मर्यादित साधनांचा सर्वांत चांगला वापर काढण्याच्या गणिताची) आपली प्रसिद्ध रीत मांडली. आमच्याकडे गणवेशावरची बोधचिन्हे याच जातीच्या लेसरने कापली जातात. पॉलिएस्टरची कड कापतानाच वितळून बंद होते, त्यामुळे धागा निघत नाही. सुती कापडाची कड मात्र किंचित तपकिरी पडते. हवे असल्यास दोन्ही नमुने शाळेत पाठवून देतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दादा, नमुने अवश्य पाठवावेत. काका, आकाशगंगेचे मात्र राहिले.

उत्तर १ : निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ

ताई, तीही खरखरीचीच गोष्ट आहे. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम कार्ल जान्स्की या तरुणाकडे होते. त्यांनी न्यू जर्सीतील होमडेल येथे जुन्या फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरणारी, सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना उभारली. ती २० मिनिटांत एक फेरा घेई. विजांच्या कडकडाटाचा हिशेब लागल्यावरही एक मंद सूं सूं उरला आणि तो २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येई. सूर्य २४ तासांनी परततो, तारे ४ मिनिटे आधी. म्हणजे हा आवाज ताऱ्यांच्या बाजूचा होता. आकाशगंगेच्या मध्याकडून तो येतो, हे त्यांनी १९३३ साली जाहीर केले.

पुढची गोष्टही मुलांपासून लपवू नका. टेलिफोनच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता, म्हणून जान्स्की यांना दुसरे काम देण्यात आले. तो धागा पुढे नेला ग्रोट रीबर यांनी, ज्यांचा त्या प्रयोगशाळेशी संबंध नव्हता : १९३७ साली, इलिनॉयमधील आपल्या घराच्या परसात, स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या बशीच्या आकाराच्या अँटेनाने.