मोरपिशी की हस्तिदंती? रंगवलेल्यांनी अनुभव लिहा

बैठकीची खोली रंगवायची आहे आणि घरात दोन तट पडलेत. एकाला मोरपिशी हवाय, दुसऱ्याला हस्तिदंती. यातला एखादा रंग भिंतीवर लावून त्याच्यासोबत राहिलेल्यांनी लिहा. ‘आवड आपापली’ हे उत्तर कृपया नको.

*

शेड कार्डावरच्या नखाएवढ्या तुकड्यावरून काही ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं) आणि तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून बघा. आमचा मोरपिशी दिवसा खिडकीपाशी चक्क निळा, रात्री २७०० केल्विनच्या (हे दिव्याच्या प्रकाशछटेचं माप) पिवळ्या दिव्याखाली शेवाळी. ६५०० चा पांढरा दिवा लावला तर निळा परतला, पण हस्तिदंती भिंत कळकट दिसायला लागली. शेवटी ४००० चा दिवा आणला. त्यात दोघांचंही बरं चाललंय.

*

हस्तिदंती. अंधाऱ्या खोलीला दुसरा पर्याय नाही.

*

रंगकाम करतो म्हणून सांगतो. गडद शेड ज्या बेसमध्ये (ज्यात रंगछटा मिसळतात तो मूळ रंग) बनते त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारं पांढरं रंगद्रव्य, कमी असतं, त्यामुळे खालचं झाकत नाही. प्रायमरला राखाडी टिंट द्यायला सांगा, नाहीतर दोन हातांत भागत नाही. आणि गडद मॅट भिंतीला खुर्चीची पाठ घासली की चकाकता पट्टा उमटतो, पुसून जात नाही. टचअप केलं तरी ठिगळ दिसतंच.

*

आम्ही दोन्ही लावले. लांबट खोलीत टोकाची भिंत मोरपिशी केली, ती पुढे सरकल्यासारखी वाटते आणि बोगदेपणा गेला. मात्र शेजारचा हस्तिदंती एकदम पीचकडे झुकला! डबा बदलला असं वाटून पेंटरशी वाद घातला. नंतर वाचलं की फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये हेच मांडलं होतं: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतात. म्हणजे दोन नमुने वेगवेगळे बघून उपयोग नाही, चिकटून ठेवूनच बघायचे.

*

वरच्याला दुजोरा. शिवाय दोन रंग जिथे भेटतात तिथे मास्किंग टेप लावून आधी फिक्या रंगाचाच हात टेपच्या कडेवर मारा. फटी बुजतात. मग गडद मारा आणि रंग ओलसर असतानाच टेप ओढा, रेघ सुरीने कापल्यासारखी येते.